शनिवारची जखीणआत्या

नव्वदीच्या मध्यात इचलकरंजीत ज्यांच्या घरी केबल होती, त्यांना जखीणआत्या कोण हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगावं लागतं, आणि प्रबोध ते सिंगापुरात आल्यापासून भेटेल त्याला सांगत आला होता.

बाळू केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. दिवसभर त्यावर साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आणि भजनं. शनिवारी रात्री मात्र भुताचा सिनेमा. सिनेमाच्या आधी आणि मध्ये मध्ये पडद्यावर जखीणआत्या यायची. पांढरं पातळ, मोकळे सोडलेले केस, डोळ्यांभोवती फासलेलं काजळ, मागे टांगलेली काळी चादर. आधी ती खदाखदा हसायची. मग एकदम थांबून विचारायची, "दात घासले का रे सगळ्यांनी?" सिनेमातल्या भुताबद्दल सांगायची, "याला मी लहानपणापासून ओळखते. सर्दी झाली की रडत बसतो. तुम्ही कशाला घाबरता?" त्या आठवड्यात ज्यांचे वाढदिवस असतील त्या मुलांची नावं घ्यायची. आपलं नाव जखिणीच्या तोंडून ऐकायला पोरं जागी राहायची.

पुढे एका शनिवारी ती आलीच नाही. बाळूने नुसता सिनेमा लावला. आठवड्याभरात सगळ्या गावाला कळलं की जखीणआत्या म्हणजे शाळेतल्या आण्णा मास्तरांची लग्न झालेली लेक विमल, आणि तिने पंचगंगेत जीव दिला. घाटावर तिच्या चपला सापडल्या होत्या. पावसाळ्याचे दिवस, नदी दुथडी भरलेली. देह मिळाला नाही. प्रबोध तेव्हा बारा वर्षांचा होता. त्या रात्री तो जेवला नव्हता.

आता तो सिंगापूरच्या बिशान भागात राहत होता, एका बँकेत आयटी मॅनेजर होता. बायको विभा पुण्याची. तिच्या लहानपणी असलं काही नव्हतं, त्यामुळे ती नुसतं ऐकून घ्यायची. मुलगी ऋग्वेदा चौदा वर्षांची. तिला त्याने कौतुकाने जखीणआत्येचा व्हिडिओ दाखवला तेव्हा ती तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, सो फेक लाह." आणि तरी शेवटपर्यंत पाहिला.

तो व्हिडिओ मिळाला तो एका माणसामुळे. प्रबोधने जुन्या इचलकरंजीच्या आठवणींचं एक पान इंटरनेटवर सुरू केलं होतं. जखीणआत्येबद्दल त्याने दोन ओळी टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी प्रकाश नावाच्या माणसाचा निरोप आला. "मी विमलताईचा धाकटा भाऊ. बाळूनं कॅसेट फेकून द्यायला काढल्या होत्या, त्यातली एक मी उचलून आणली होती. ताई आहे तिच्यात."

प्रकाशचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तोही प्रबोधच्याच वयाचा, पण वेगळ्या शाळेतला. फोनवर तो म्हणाला, "लिहा तुम्ही. लोक विसरले तिला. तिचं सगळं मी केलंय. बारा वर्षांचा होतो, तरी मीच बसलो होतो विधीला. आण्णा बसले नाहीत, म्हणाले मला जमणार नाही."

प्रबोधने लिहिलं. मनापासून लिहिलं. शेवटची ओळ त्याला स्वतःलाच फार आवडली होती: आमच्या पिढीची भुतांची भीती घालवणारी ही बाई स्वतः मात्र नदीच्या स्वाधीन झाली. लोकांनी ती ओळ उचलून धरली. लेख आणि व्हिडिओ हजारो लोकांनी पुढे पाठवले. सिंगापूरच्या मराठी ग्रुपवरही तो फिरला.

त्यानंतर एका शनिवारी सकाळी पोहे खाता खाता त्याने फोन पाहिला. अनोळखी नंबरवरून निरोप होता.

"माझं नाव मैत्रेयी. मी इथे सिंगापुरातच विद्यापीठात पोस्टडॉक करते. तुमच्या व्हिडिओतली बाई माझी आई आहे. ती सध्या माझ्याकडे बेडोकला आली आहे. ती जिवंत आहे. कृपया ती शेवटची ओळ काढा."

प्रबोधने तो निरोप विभाला दाखवला. तिने वाचला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "कुणीतरी चेष्टा करतंय."

"अशी चेष्टा कोण करेल?"

त्याने फोन लावला. मैत्रेयीने लगेच उचलला. ती म्हणाली, "मलाही परवाच कळलं. आजवर मला वाटत होतं की आईच्या माहेरचं कुणी उरलेलं नाही. तुमचा व्हिडिओ ग्रुपवर आला, मी तो सहज लावला, आणि ते हसू ऐकलं. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली आणि जमिनीवरच बसली."

"मी येऊ का?"

पलीकडे कुजबुज झाली. मग ती म्हणाली, "आई म्हणते, या."

पाया लेबारला मेट्रो बदलून तो बेडोकला उतरला, पण वाटेतलं त्याला काही आठवत नव्हतं. चिनी सातवा महिना, म्हणजे भुतापितरांचा महिना, चालू होता. ब्लॉकखालच्या गवतावर कुणीतरी पितरांसाठी संत्री आणि उदबत्त्या मांडल्या होत्या, जळलेल्या कागदांची राख उडत होती. त्या राखेला वळसा घालून तो लिफ्टपाशी आला. बारा वर्षांचं असताना ज्या बाईसाठी तो जेवला नव्हता, तिच्या दाराची बेल त्याला वाजवायची होती.

दार मैत्रेयीने उघडलं. उंच, चष्मा लावलेली, रात्रभर न झोपलेली दिसत होती. आत सोफ्याच्या कडेला एक बाई बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, केस पिकलेले आणि घट्ट बांधलेले, अंगावर सुती पंजाबी ड्रेस. यांच्यात जखीणआत्या कुठेच नव्हती. त्या चार वेळा रस्त्यात भेटल्या असत्या तरी त्याने ओळखलं नसतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा घेणार ना?"

तो आवाज ऐकला आणि प्रबोधला बसताच येईना. तो तसाच उभा राहिला. आवाज तोच होता. थोडा जाड झाला होता, पण शब्द संपताना वर उचलायची ती पद्धत, तीच.

"आत्या," तो म्हणाला.

"ताई म्हणा," विमल म्हणाल्या. "आत्या म्हणण्याएवढी मी म्हातारी नव्हते तेव्हाही."

मैत्रेयी चहा करायला गेली नाही. ती दाराला टेकून उभी राहिली. "आई, यांनाही सांग," ती म्हणाली. "मला परत एकदा ऐकायचं आहे. मला अजून खरं वाटत नाही."

विमलताईंनी सांगितलं. सांगताना त्या रडल्या नाहीत.

बाळूच्या बायकोशी त्यांची मैत्री होती. तिनेच हे काम दिलं. दर शनिवारी दुपारी शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सासरी सांगायचं आणि बाळूच्या गोदामात कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. रात्री ती कॅसेट लागायची. सासरी केबल नव्हती, त्यामुळे दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. "त्या दोन वर्षांत मी जेवढं हसले तेवढं आयुष्यात हसले नाही. आठवडाभर विचार करायचे, या शनिवारी पोरांना काय सांगू."

मग दिरानं कुणाच्या तरी घरी सिनेमा पाहिला आणि वहिनीचा आवाज ओळखला.

"नवऱ्याने मारलं. ते मी सोसलं असतं, पण तेव्हा ही पोटात होती. तिसरा महिना. मी तशीच माहेरी आले. आण्णांनी मला ओसरीवर उभं केलं आणि म्हणाले, केस मोकळे सोडून गावापुढे नाचलीस, आता परत जा आणि त्यांचे पाय धर. मी म्हटलं, जाणार नाही. ते म्हणाले, मग या घरातही राहायचं नाही. आई आत रडत होती. मी मागच्या दाराने निघाले. बाळूच्या बायकोने, बाळूलाही न सांगता, हुबळीच्या गाडीत बसवून दिलं. तिची मावशी होती तिथे."

"आणि घाटावरच्या चपला?" प्रबोधने विचारलं.

विमलताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माझ्या चपला आण्णांच्या ओसरीवर राहिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराशी आईच्या होत्या, त्या घालून मी निघाले. हुबळीला गेल्यावर बाळूला फोन केला, तेव्हा तो फोनवर किंचाळलाच. म्हणाला, विमल, तू तर मेलीस. घाटावर तुझ्या चपला मिळाल्या. आता तुम्ही सांगा. आण्णांच्या ओसरीवरच्या चपला नदीवर कशा चालत गेल्या?"

आपण लिहिलेली ती शेवटची ओळ प्रबोधला आठवली.

"म्हणजे वडिलांनी?"

"लेक नवऱ्याला सोडून पळाली म्हणण्यापेक्षा लेक मेली म्हणणं सोपं पडलं असेल. मी बाळूला शपथ घातली की कुणाला बोलू नकोस. म्हटलं, ज्यांनी मला मारलं, त्यांच्या दारात जिवंत कशाला जाऊ? हुबळीत बालवाडीत लागले, ही झाली. नवरा पुढे वारला तेही बाळूकडूनच कळलं. मग बाळूही गेला, त्याची बायकोही. त्यानंतर गावात माझ्याबद्दल कुणालाच माहीत नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, "ती कॅसेट तुम्हाला कुठे मिळाली?"

"तुमच्या भावाकडून. प्रकाशकडून."

विमलताईंचा चेहरा बदलला.

"प्रकाशने ठेवली? त्या घरात?"

"एवढी वर्षं ठेवली. ताई, त्याला माहीत नाही. त्याने तुमचं सगळं स्वतः केलंय. बारा वर्षांचा असताना."

"त्यालाही माहीत असणार. त्या घरात सगळ्यांना माहीत होतं."

"नाही. मी त्याच्याशी बोललोय. त्याला खरंच माहीत नाही."

मैत्रेयी म्हणाली, "आई, मामाला फोन लावू या."

'मामा' हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा, कारण तो उच्चारल्यावर ती स्वतःच दचकली. विमलताईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. प्रबोधने आपल्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे नुकतं उजाडलं असेल.

"बोला प्रबोधराव," प्रकाशचा आवाज आला. "एवढ्या सकाळी?"

"प्रकाश, तू बसला आहेस का? बस आधी." प्रबोध पहिल्यांदाच त्याला एकेरीत बोलला. "विमलताई जिवंत आहेत. माझ्यासमोर बसल्यात. सिंगापुरात, मुलीकडे."

प्रकाश अगदी हळू म्हणाला, "असलं काही बोलू नका. तुम्हाला मी भला माणूस समजत होतो."

"काय रे प्रकाश," विमलताई म्हणाल्या.

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पण प्रकाश परत बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग होता. "हे बघा, आजकाल कुणाचाही आवाज बनवता येतो. आमच्या शेजारच्यांना मुलाच्या आवाजात फोन आला आणि लुबाडलं त्यांना. तुमच्याकडे ताईची अख्खी कॅसेट आहे, ती मीच दिली. माझ्या मेलेल्या बहिणीचा आवाज काढून माझ्याकडून काय पाहिजे तुम्हाला?"

"ताई, काहीतरी सांगा त्याला," प्रबोध कुजबुजला. "तुम्हा दोघांनाच माहीत असेल असं काही."

विमलताईंनी मान हलवली. "मी जिवंत आहे हे मी का सिद्ध करू? मेले म्हणताना कुणी पुरावा मागितला होता?"

हे प्रकाशला ऐकू गेलं. त्याने फोन ठेवला नाही. मग त्याने विचारलं, "शेवटच्या शनिवारी माझा वाढदिवस होता. ताईनं सगळ्या पोरांची नावं घेतली, माझं घेतलं नाही. सकाळी मी मित्रांना विचारलं, कुणीच ऐकलं नव्हतं. का घेतलं नाही?"

"सकाळी विचारलंस म्हणजे रात्री झोपलास," विमलताई म्हणाल्या. "तुझं नाव घेतलं असतं तर जखीणआत्या कोण ते आण्णांना कळलं असतं. मी म्हटलं होतं, चुलीमागं बसून साय खाणाऱ्या बोक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. सिनेमा संपल्यावर, अगदी शेवटी. तू झोपला होतास, गाढवा."

फोनमधून जो आवाज आला तो रडण्याचा होता हे कळायला प्रबोधला वेळ लागला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस तोंडावर हात दाबून रडत होता. मैत्रेयी दारातून येऊन आईच्या पायाशी बसली.

"कुठं होतीस?" प्रकाशने विचारलं.

"हुबळीला."

"हुबळीला? ताई, मी माल घेऊन महिन्यातनं दोनदा हुबळीला येतो. गेली पंधरा वर्षं."

विमलताईंनी डोळे मिटले.

मग त्याने तेच विचारलं जे विचारणं भाग होतं. चपलांचं. विमलताईंनी त्याला सांगितलं, प्रबोधला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द जास्त नाही. ऐकून झाल्यावर प्रकाश म्हणाला, "आण्णा आतल्या खोलीत आहेत. जागे आहेत. ऐंशी झाली की त्यांची, उठवत नाही आता."

"त्यांना काही सांगू नकोस," विमलताई म्हणाल्या.

पण तो चालायला लागला होता. दाराची कडी वाजली. फोन बहुतेक त्याने पुढे धरला होता, कारण एका म्हाताऱ्या माणसाचा खोकला अगदी जवळून ऐकू आला.

"आण्णा," प्रकाश म्हणाला. "विमलताईचा फोन आहे."

प्रबोधला वाटलं की म्हातारा आता ओरडेल, किंवा कोण विमल म्हणेल, किंवा पोराला वेड लागलं म्हणेल. तसं काही झालं नाही. खोकला थांबला. मग आण्णा मास्तरांनी स्पष्ट, शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात विचारलं,

"मुलगा झाला का मुलगी?"

विमल पोटुशी होती हे त्यांना माहीत होतं, ती मेली नाही हेही माहीत होतं, आणि हा प्रश्न ते इतकी वर्षं मनात धरून बसले होते. शनिवारच्या त्या सगळ्या सिनेमांत प्रबोधने असलं काही पाहिलं नव्हतं.

मैत्रेयीने टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"मुलगी," ती म्हणाली. "मीच बोलतेय."

"बरं," आण्णा म्हणाले.

थोड्या वेळाने प्रकाशने फोन बंद केला.

घरी येताना प्रबोधने गाडीतच तो लेख काढून टाकला. दुसऱ्या दिवशी विमलताईंना विचारून त्याने त्या जागी एवढंच लिहिलं की जखीणआत्या हयात आहेत, आपण चुकीचं लिहिलं होतं आणि कुणी जास्त चौकशी करू नये. लोकांना ती शनिवारसारखीच गंमत वाटली. काहींनी हसणारी चित्रं टाकली. एकाने विचारलं, पुढचा सिनेमा कुठला? प्रबोधने ते पान बंद करून टाकलं.

प्रकाश दोन दिवसांनी त्याच्याशी बोलला. "आण्णांना वाढतो जेवायला," तो म्हणाला. "औषधं देतो. बोलत नाही. विचारलं मी, का केलंत म्हणून. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई शेवटच्या दिवसांत सारखी म्हणायची, हुबळीच्या देवाला नेऊन आण मला. मला वाटायचं, भ्रम झालाय. आता कळतंय, बाळूच्या बायकोनं तिला सांगितलं असणार. आईनं तरी सांगायला पाहिजे होतं मला."



हुबळीला परत जाण्याआधीच्या रविवारी विमलताई आणि मैत्रेयी बिशानला जेवायला आल्या. विभाने पुरणपोळी करायचं ठरवलं होतं, पण आदल्या दिवशी तिचा बेत बदलला. "सण असल्यासारखं वाटेल," ती म्हणाली. साधं वरण, भात, भरली वांगी केली. जेवताना विमलताई मोकळ्या झाल्या. हुबळीच्या बालवाडीतल्या पोरांच्या गोष्टी सांगून त्यांनी ऋग्वेदाला हसवलं. पुढच्या आठवड्यात प्रकाश हुबळीला येणार होता. इचलकरंजीला जाणार का, असं विभाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही."

जेवण झाल्यावर त्यांनीच विषय काढला. "ते लावता का? मी कधी पूर्ण पाहिलं नाही. तेव्हा घरी केबल नव्हती, आणि परवा मैत्रेयीच्या फोनवर नुसता आवाज ऐकला, बघवलं नाही."

प्रबोधने मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. बेडोकहून आल्यापासून त्याने स्वतः तो पाहिला नव्हता. चित्र थरथरलं, आडव्या रेघा सरकल्या आणि काळ्या चादरीपुढे ती उभी राहिली. मोकळे केस, काजळ, पांढरं पातळ. ती खदाखदा हसली. लहानपणी ज्या हसण्याची त्याला गोड भीती वाटायची, ते ऐकताना आता त्याला फक्त एक मुलगी दिसत होती. शनिवारचे चार तास चोरून मिळवलेली, आणि आनंदाने वेडी झालेली.

विमलताई पुढे सरकून बसल्या. एकदा त्या पुटपुटल्या, "केवढ्यांदा ओरडतेय." एकदा मान हलवून हसल्या. मग हळूहळू त्यांचं हसू गेलं. पडद्यावरची ती पोरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होती, एकेक नाव जपून घेत होती.

"केवढीशी होते मी," त्या म्हणाल्या. "मैत्रेयी, बघ. तुझ्यापेक्षा लहान आहे ती."

मैत्रेयी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन जमिनीवर बसली होती. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पडद्यावरच्या त्या मुलीकडे ती पाहत राहिली. व्हिडिओ संपला, पडदा निळा झाला, तरी ती तिथून उठली नाही.